दाजींच्या पोटातली गोष्ट

आमच्या कामाचा नियम एकच. आवाज थांबला की क्रेन थांबते. टॉवर क्रेन चालवणारा उंच कॅबिनमध्ये बसतो, त्याला इमारतीच्या मागचं काही दिसत नाही. तिथे मी वॉकीटॉकी घेऊन उभा असतो आणि अखंड बडबडतो: खाली, खाली, अजून खाली, सावकाश. मला शिंक आली तरी वरचा हात जागच्या जागी थांबला पाहिजे. बायको म्हणते, तुम्हाला बडबडीचा पगार मिळतो, मग घरी फुकट कशाला?

वर कॅबिनमध्ये माझे दाजी, म्हणजे ताईचा नवरा. मी दाजी म्हणतो म्हणून फोरमनपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळे त्यांना दाजीच म्हणतात. बावीस वर्षं क्रेनवर, पण एक ओरखडा नाही. माणूस सोन्यासारखा, पण म्हणतील ती पूर्व दिशा.

तीन महिन्यांपूर्वी त्यांची दाढ सुजली, अँटिबायोटिकचा कोर्स झाला आणि पोट बिघडलं. क्रेनवाल्याचं पोट बिघडणं म्हणजे काय, ते खाली चालणाऱ्यांना कळायचं नाही. दोनशे दहा पायऱ्यांची सरळ उभी शिडी, वर संडास नाही, आणि वजन हवेत लटकत असताना उठायची सोय नाही. दाजींनी उपाय काढला, सकाळी खायचंच नाही. कमरेचा पट्टा एक भोक आत गेला, मग दुसरं, मग खिळ्याने तिसरं पाडावं लागलं.

अशात त्यांना कोणीतरी सांगितलं, औषधाने पोटातले चांगले जंतू मेलेत, ते बाटलीत विकत मिळतात. झालं! मला घेऊन मेडिकलच्या दुकानात. काउंटरवरच्या बाईंनी चार बाटल्या मांडल्या. दाजींनी थेट सगळ्यात मोठा आकडा उचलला.

"पाच हजार कोटी आहेत बघ एका गोळीत."

"अहो, पृथ्वीवर माणसं आठशे कोटी," मी म्हटलं. "एवढी जनता पोटात घेऊन वर चढणार?"

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आकड्यावर जाऊ नका, जंतूचं नाव बघा. प्रत्येकाचं काम वेगळं असतं. अँटिबायोटिकनंतरच्या जुलाबाला हा चालतो, पण फ्रिजमध्ये ठेवायचा. किती दिवस होतंय?"

"आठ-दहा दिवस."

"वजन उतरलंय?"

"छे."

"शौचातून रक्त जातं?"

दाजींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. "नाही," ते म्हणाले.

आठ-दहा दिवस नाही, दीड महिना झाला होता, हे मला माहीत होतं. पट्ट्याची भोकंही माहीत होती. तरी मी मूग गिळून गप्प बसलो. बायकोच्या भावासमोर, म्हणजे माझ्यासमोर, परक्या बाईला माणूस सांगणार तरी काय, असं मनाशी म्हटलं. बाईंनी बजावलं, "आठवड्यात फरक पडला नाही तर गोळी बदलू नका, डॉक्टर गाठा." दाजींनी मान डोलावली आणि पाच हजार कोटीवालीच घेतली. ती बाटली त्यांनी काचेच्या कॅबिनमध्ये उन्हात ठेवली, आणि जंतू भाजून मेले असतील हे मी सांगितल्यावर दुसरी आणली. मग तिसरी. डॉक्टर मात्र नाही. कारण मलाही कळत होतं. पुढच्या महिन्यात क्रेनवाल्यांची तपासणी होती, आणि एकदा 'अनफिट' शिक्का बसला की बावीस वर्षांचा माणूस गेटवर शिट्टी फुंकत बसतो.

काल सकाळी कामावर पोचलो आणि ताईचा फोन आला. आवाज अगदी बारीक.

"त्यांच्या टॉवेलला रक्त होतं रे. विचारलं तर म्हणाले मूळव्याध आहे, गोळ्या चालू आहेत. तुला माहीत होतं?"

"मी बघतो," एवढं म्हणून मी फोन ठेवला. तोवर दाजी कॅबिनमध्ये पोचले होते आणि पहिला तयार काँक्रीटचा जिना हुकाला लागलाही होता. चार टनांचा. तो उतरवून घ्यायला माझ्याजवळ दोन माणसं उभी.

"खाली," मी म्हटलं. "खाली. सावकाश."

एरवी माझ्या शब्दाबरोबर हूक हलतो. काल दर वेळी एक श्वास उशीर होत होता. वॉकीटॉकीत तो श्वास ऐकूही येत होता, कण्हल्यासारखा. मी दोन्ही माणसांना भिंतीपलीकडे पिटाळलं आणि जिना इंचाइंचाने उतरवला. टेकला. साखळ्या सुटल्या. हूक रिकामा झाला तेव्हा माझा शर्ट पाठीला चिकटला होता.

दुसरा जिना तयार होता. मी बोललोच नाही.

"बोल," वरून दाजी.

मी बटणावरून बोट काढलं.

"अरे बोल की! झोपलास काय?"

मधेच फोरमन ओरडला, "काय चाललंय? क्रेन का थांबलीय?"

मी बटण दाबलं. "दाजी, मेडिकलमधल्या बाईंना काय सांगितलं होतंत? त्यांनी तिसरा प्रश्न विचारला, त्याचं खरं उत्तर द्या. मग बोलतो."

"सगळे ऐकतायत, गाढवा."

"ऐकू देत. ताई सकाळपासून रडतेय."

खाली सिमेंट कालवणारे, सळया बांधणारे, सगळे वर बघत होते.

"जातंय," दाजी म्हणाले. "दोन महिने झाले. आज खूपच गेलं. डोळ्यांपुढे अंधारी येतेय रे."

मला त्यांचा इतका राग आला, आणि स्वतःचा त्याहून जास्त. दुकानात मी तोंड उघडलं असतं तर पहिल्या बाटलीलाच हे निस्तरलं असतं.

"क्रेन बंद करा," मी म्हटलं. "तिथेच बसून राहा. मी माणसं वर पाठवतो."

"नको. मी येतो. माझ्या पायाने येतो."

एवढं होऊनही पूर्व दिशा तीच! सुरक्षेचा पट्टा शिडीलगतच्या तारेला अडकवायला लावला, दोघांना खालून वर चढवलं, आणि मी मागून धावत शिडीच्या पायथ्याशी आलो. त्यांचे बूट दिसले, चिमणीएवढे. पाय पायरी शोधत होता आणि ती सापडत नव्हती.

"डावा पाय, खाली," मी वॉकीटॉकीत म्हटलं. "खाली. टेकला. आता उजवा. सावकाश."

चाळीस पायऱ्या उतरल्यावर ते थांबले. शिडीला कपाळ टेकवलं. मी बटण सोडून शिडीला हात घातला.

"थांबू नकोस रे," दाजी म्हणाले. "तू थांबलास की मी थांबतो."

"डावा," मी म्हटलं. "खाली. अजून खाली."