मोठ्या आईच्या मेंदूचा फोटो

माझ्या थोरल्या जावेच्या मेंदूचा फोटो तिच्या टीव्हीशेजारी उभा आहे. माझ्या लेकीनं काढलेला. आलेल्या प्रत्येक पावण्याच्या हातात जाऊ तो देते आणि म्हणते, "बघा, आमच्यात बी मेंदू हाय म्हणायचं." पावणं हसतात. मी चहाच्या निमित्तानं आत जाते.

लेक पुण्यात संशोधन करते. आधी ती रसायनाकडे होती. तेव्हा शिरोळला माझ्या माहेरच्या गुऱ्हाळातली काकवी मी तिला बाटलीत भरून दिली होती. ती तिनं काचेच्या बारीक नळीत घालून मोठ्या चुंबकात ठेवली आणि तिच्यात कुठकुठल्या साखरा आहेत ते मला फोनवर सांगितलं. काही जाळावं लागत नाही, आटवावं लागत नाही. रेडिओसारख्या लहरीनं हाक मारायची, की आतले कण ओ देतात, आणि ज्याची त्याची ओ वेगळी. मी म्हटलं, गोठ्यात बादली वाजली की सगळ्या म्हशी माना वळवतात, पण प्रत्येकीची तऱ्हा निराळी, तसंच ना. "अगदी तसंच, आई," ती म्हणाली. ते मी पुष्कळ दिवस मनात घोळवलं.

मग ती मेंदूकडे वळली. चुंबक तसंच, पण माणूस मावेल एवढं. लहानपणापासून कन्नड आणि मराठी दोन्ही बोलणाऱ्या, शाळा कमी झालेल्या बायका तिला हव्या होत्या. कुठली भाषा ऐकताना मेंदूत कुठे रक्त जास्त धावतं, ते बघायचं होतं. मला वाटलं, हे तर माझंच वर्णन. चौथीपर्यंत शाळा, घरात कन्नड, गल्लीत मराठी. पण गाडीवरून पडल्यापासून माझ्या मांडीत लोखंडी प्लेट आहे. संशोधनासाठी तसली जोखीम घेत नाहीत, असं ती म्हणाली.

"मग मोठ्या आईला विचारते. तीही दोन्ही भाषा बोलते."

जावेला ती लहानपणापासून मोठी आई म्हणते. त्या दिवशी ते मला पहिल्यांदा टोचलं.

आमच्या जवळच्या शहरात, राजारामपुरीतल्या एका सेंटरचं मशीन लेकीला रविवारी मिळायचं. जावेनं मंगळसूत्र, जोडवी काढून माझ्या ओंजळीत टाकली. गळ्यातलं इष्टलिंग मात्र सोडेना. "ते मेल्यावर बी अंगावरच ऱ्हातंय. तुझ्या मशीनपायी काढू व्हय?" लेकीनं तपासून बघितलं. लिंगाची चांदीची डबी बाहेर ठेवायची, लिंग कापडात बांधलं तर चालेल, असं ठरलं. गाठ मी मारली. जरा जास्तच घट्ट.

आम्ही काचेच्या अलीकडे बसलो. थोड्या वेळानं जावेनं मशीनच्या आतून, खुणेसाठी हातात दिलेला रबरी फुगा दाबला. मशीन थांबलं.

"मला भाईर काढा. मढं ठेवल्यागत ठेवलंय."

लेकीचं तोंड उतरलं. आधीच्या बायकाही अशाच उठून गेल्या होत्या. मला मात्र आतून बरं वाटलं.

"आई, तू बोल तिच्याशी. तुझं ऐकेल ती."

तिनं माइक पुढे केला. परक्या माणसांसमोर माझा आवाज फुटत नाही. पण लेक माझ्याकडे बघत होती, जावेकडे नाही. मी कन्नडमध्ये म्हटलं, "अक्का, डोळे मीट."

"धाकटे, तू कुठनं बोलतीस?"

"गोठ्यातनं. बादली वाजली. पहिली मान कुणी वळवली?"



"शिंगमोडीनं. दुसरं कोण? हावरट हाय ती."

"मग?"

"मग तिची रेडी. आयवर गेलीय."

लेक हसली. मी एकेका म्हशीचं विचारत गेले, ती सांगत गेली. शेवटी म्हणाली, "बरं, चालू दे तुमचं." पुढचं सगळं नीट झालं. बाहेर आल्यावर लेकीनं तिला मिठी मारली. मी जोडवी घेऊन उभी होते.

फोटो आला तेव्हा मी लेकीला विचारलं, "मी बोलत होते तेव्हा तिच्या मेंदूत काय झालं?"

"तेव्हा मशीन बंद होतं, आई. ते कुठंच आलेलं नाही." मग तिला काहीतरी वाटलं असावं. "पण तू नसतीस तर हे झालंच नसतं."

मी व्हय म्हटलं.

काल जाऊ एका पावण्याला सांगत होती, "आमच्या लेकीनं काढलाय." आमच्या म्हणाली.

लेक सुट्टीला येते आहे. मी काकवीची बाटली भरून ठेवली आहे. तिच्या कामाला ती आता लागत नाही. भाकरीबरोबर खाईल.