अडीच वाजताचं एम-थ्री

प्रत्येक तासानंतर मला एका रजिस्टरमध्ये लिहावं लागतं, आज काय शिकवलं. त्याला एक अरुंद रकाना आहे. मी लिहिते, 'लाप्लास, पहिली चार उदाहरणं', आणि खाली सही करते. पण त्या तासाला खरोखर जे घडलं, त्याला रकानाच नाही! मग ते जाणार कुठं? माझ्याकडंच राहतं. सोलापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी बारा वर्षं गणित शिकवतेय. बघा आता किती साठलं असेल. चार मैत्रिणी चहाला जमल्या की एखादा किस्सा निघतो, आणि एक निघाला की मागचे सगळे आळस देत उठून बसतात.

आज फक्त एकाच वर्गाचे सांगते. सेकंड इयर मेकॅनिकल. विषय एम-थ्री, म्हणजे इंजिनिअरिंगचं तिसरं गणित. याचं नाव काढलं की पोरं साडेसाती लागल्यासारखं तोंड करतात.

*

त्या वर्षी टाइमटेबल लागलं आणि बघते तर माझा तास दुपारी अडीचला. जेवण झाल्या झाल्या!

सोलापूरची दुपार काही सांगायला नको. ऊन पिवळं राहतच नाही, पांढरं होतं. शुक्रवार पेठेतल्या घरून स्कूटीवर निघाले की सात रस्ता चौकापर्यंत येईतो हँडल हातात धरवत नाही. अशा वेळी गणित?

मी आमच्या विभागप्रमुखांकडे, बिराजदार सरांकडे गेले.

"सर, गणिताला डोकं ताजं लागतं. मला सकाळचा तास द्या."

"सकाळी वर्कशॉप आहे."

"वर्कशॉप दुपारी ठेवा की!"

सरांनी चष्मा काढला, सावकाश पुसला, परत घातला. "मॅडम, वर्कशॉपमध्ये डुलकी लागली तर बोटं जातात. गणितात डुलकी लागली तर काय जातं?"

मी अडीचचा तास वहीत उतरवून घेतला.

*

आणि डुलक्या लागायच्याच. माझ्या त्या वर्गाला पश्चिमेला तीन मोठ्या खिडक्या. बाहेर कडुनिंब. अडीचला त्याची सावली पहिल्या बाकापाशी असायची, तास संपेपर्यंत सरकत सरकत शेवटच्या बाकापर्यंत जायची. वर पंखा, दर फेरीला एकदा 'टक्' करणारा. खिडकीच्या कठड्यावर एक पारवा घुमत बसलेला. लांबवर बंद पडलेल्या गिरणीची चिमणी, उन्हात हलल्यासारखी दिसायची. खोटं कशाला बोलू, शिकवता शिकवता माझंही लक्ष त्या चिमणीवर जायचं आणि तिथंच राहायचं.

एक दिवस मी फळ्यावर लांबलचक उदाहरण लिहून मागं वळले, तर अख्खा वर्ग झोपलेला. बरं, आडवेतिडवे नाहीत. ताठ बसलेले, हातात पेन, डोळे मिटलेले. साठ पोरंपोरी ध्यान लावून बसल्यासारखी! मला राग यायला हवा होता. पण ते इतकं शांत दिसत होतं की मी खडूसुद्धा हळूच खाली ठेवला.

तेवढ्यात दारात बिराजदार सर. ते अक्कलकोटकडचे. माझ्याही घरी कन्नडच. दोघंच असलो की आम्ही कन्नडवर येतो. सर डोळे विस्फारून म्हणाले, "एल्लारू मलग्यार!" सगळे झोपलेत!

माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, "सर, हळू बोला ना."

आणि सर खरोखर चवड्यांवर चालत निघून गेले!

*

त्या वर्गात इरफान नावाचा एक मुलगा होता. दुसरा बाक, भिंतीकडची जागा. हुशार, पण भिंतीला डोकं टेकलं की संपलं. एकदा मी इंटिग्रेशनचं उदाहरण घातलं आणि मोठ्यानं हाक मारली, "इरफान! याचं उत्तर काय येईल?"

इरफान दचकून उभा. फळ्याकडं न बघताच म्हणाला, "प्लस सी, मॅडम!"

ज्यांनी इंटिग्रेशन केलंय त्यांना माहीत आहे. उत्तराच्या शेवटी एक 'प्लस सी' लावायचं असतं. विसरलं की अर्धा मार्क जातो.

मी म्हटलं, "आणि त्याच्या आधी काय?"

"ते सवडीनं सांगतो मॅडम. शेवट तर बरोबर हाय की!"

वर्ग पोट धरून हसला. मी त्याला फळा नीट बघायला लावला. वर आणि खाली, दोन्ही मर्यादा दिलेल्या होत्या. अशा उदाहरणात प्लस सी येतच नाही!

*

लावण्या त्याच वर्गातली. यंत्रमाग चालवणाऱ्या तेलुगू घरातली. कमी बोलायची, पण एकदा बोलली की वर्गाला आठवडाभर पुरायचं.

मी लाप्लास शिकवत होते. म्हटलं, बघा, हे समीकरण इथं सुटत नाही. मग त्याला उचलायचं आणि दुसऱ्या जगात न्यायचं. तिथं सगळं सोपं असतं. डेरिव्हेटिव्ह नाही, काही नाही, साधी बेरीज-वजाबाकी. तिथं सोडवायचं आणि उत्तर घेऊन परत आपल्या जगात यायचं. या परतीला म्हणतात इन्व्हर्स.

लावण्यानं हात वर केला. "मॅडम, म्हणजे आमच्या अक्कासारखं."

तिच्या मोठ्या बहिणीचं नुकतंच लग्न झालं होतं.

"कसं काय?"

"सासरी काही सुटेना झालं की ती माहेरी येते. इथं आल्यावर सगळं सोपं. खाते, झोपते, हसते." ती पुढं म्हणाली, "पण इन्व्हर्स लई अवघड जातो, मॅडम. बसस्टँडपर्यंत रडत जाते."

मी पंधरा पानं तयारी करून गेले होते. त्या दिवशी त्यातलं एकही उघडलं नाही.

*

आणि एक माझा स्वतःचा. यात पोरांचा काही दोष नाही.

साइन वेव्ह काढत होते. वर, खाली, वर, खाली. फळ्याच्या डाव्या टोकापासून सुरुवात केली. चालता चालता काढायची मला सवय. बाहेर पारवा घुमत होता, हाताला लय लागली होती, आणि मनात आलं, ही लाट कुठं संपतच नाही. कितीही चाला. मी चालत राहिले.

मागून इरफानचा आवाज आला, "मॅडम, फळा संपला."

बघते तर काय, फळ्याची लाकडी चौकट ओलांडून मी भिंतीवर आले होते! दोन अख्ख्या लाटा भिंतीवर. आणखी एक काढली असती तर दारातून बाहेर गेले असते. शिपायानं ओल्या फडक्यानं पुसल्या, पण पुसट खुणा राहिल्याच. दुसऱ्या दिवशी बिराजदार सर त्या बघत उभे. मला वाटलं, आता चिडणार.

ते म्हणाले, "मॅडम, सिलॅबस फळ्यापुरताच ठेवा."

*

आता सोमनाथ.

तो खरं तर फायनल इयरचा. एम-थ्रीत तीन वेळा नापास झालेला, म्हणून या लहान पोरांत येऊन शेवटच्या बाकावर बसायचा. पोरं त्याला 'अण्णा' म्हणायची. त्याचं घर करमाळा तालुक्यात, केमला. आई तिथं कुंकवाच्या कारखान्यात कामाला. घरी पोतीपिशव्या हाताळून सोमनाथच्या वहीच्या कडा कायम लालसर. फायनलचे बाकीचे तास संपले होते. फक्त माझ्या तासासाठी तो केमहून पॅसेंजरनं यायचा आणि तास झाला की परत जायचा.

चाकणच्या एका कंपनीत त्याची निवड झालेली. अट एकच, डिग्री. आणि डिग्री एकाच विषयात अडकलेली.

"नेमकं काय येत नाही तुला?" मी एकदा विचारलं.

"येतंय सगळं, मॅडम. गाडीत डोळा लागला की उदाहरण आपोआप सुटत जातंय. पण मोहोळ आलं की जाग येते, आणि ते निम्म्यावर राहतंय."

मी वैतागून म्हटलं, "मग झोप की सरळ सोलापूरपर्यंत!"

आठ दिवसांनी हा तीन वाजून दहा मिनिटांनी दारात उभा. घामानं भिजलेला, अंगभर धूळ, पण चेहरा उजळलेला.

"मॅडम, सुटलं! पुरं सुटलं!"

"आणि इतका उशीर?"

"झोपेत सोलापूर मागं गेलं. होटगीला जाग आली."

मी त्याची वही घेतली. खरंच, अख्खं उदाहरण सोडवलेलं, एकही पायरी गाळलेली नाही. फक्त शेवटी अधिक हवं तिथं उणे.

"सोमनाथ, सगळं बरोबर आहे रे. फक्त चिन्ह चुकलंय."

त्यानं त्या उणेवर बोट ठेवलं. मग म्हणाला, "तरी होटगीवरनं निघताना मला वाटतच हुतं, आपुन उलट्या दिशेला चाललोय."

*

एकदा तो वडिलांना घेऊन आला. त्यांचे डोळे तपासायला सोलापूरला आणलं होतं, आणि परतीच्या गाडीला वेळ होता. बाहेर एवढं ऊन. सोमनाथनं दारातून विचारलं, "मॅडम, अप्पा मागं बसले तर चालंल का?"

अप्पा शेवटच्या बाकावर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. डोळ्यांत औषध घातल्यामुळं त्यांना फळा दिसत नव्हता, पण कान देऊन ऐकत होते. मी त्या दिवशी कॉम्प्लेक्स नंबर शिकवत होते. उणे एकचं वर्गमूळ. ते काढता येत नाही, म्हणून त्याला 'आय' असं नाव दिलंय, वगैरे वगैरे. साठ पोरांत तासभर न डुलकलेला माणूस तो एकटाच!

तास संपल्यावर ते उठून उभे राहिले. "बाई, एक इचारू का?"

"विचारा की काका."

"ते तुमी आय आय म्हणत हुता, ते कुटं असतंय?"

"कुठंच नसतं, काका. ते आपण नुसतं मानायचं. कल्पनेतलं आहे."

"म्हंजी खरं न्हाय?"

"नाही."

अप्पांनी टोपी डोक्यावर घातली. ज्या बाजूला लेक उभा होता असं त्यांना वाटलं, त्या बाजूला मान वळवली.

"जे न्हायच हाय, त्याच्यापायी माजं लेकरू तीन टायमाला नापास झालं व्हय?"

वर्ग खो खो हसला. सोमनाथसुद्धा हसला, त्याला हसताना मी पहिल्यांदाच बघितलं. अप्पा मात्र हसत नव्हते. ते उत्तराची वाट बघत होते. मी म्हटलं, "काका, या वेळेला होईल तो पास." म्हणून तर गेले, पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

*

सोमनाथचं पुढं काय झालं, हे तुम्ही विचारणारच, म्हणून आधीच सांगून टाकते. पास झाला! चाळीस लागतात, त्रेचाळीस पडले. फोनवर पहिलं वाक्य काय? "मॅडम, तीन जास्त पडले. माघारी द्यायचे का?" आता चाकणला असतो. अप्पांचा मोतीबिंदू तिथंच काढला.

पण निकालाच्या आधीचा एक दिवस राहिला. तो मी अजून कुणाला सांगितलेला नाही.

परीक्षेच्या आधीचा शेवटचा तास होता. मला दोन दिवस ताप. रजा घेतली असती, पण एक महत्त्वाचं उदाहरण राहिलं होतं. लोखंडाची एक सळई आहे, तिची दोन्ही टोकं बर्फात ठेवली आहेत. मधली उष्णता हळूहळू कशी ओसरत जाते, ते काढायचं. पेपरात हमखास येतं. मी फळ्यावर उदाहरण लिहिलं, पहिली ओळ घातली आणि डोळ्यांपुढं अंधारी आली. "दोन मिनिटं बसते हं," असं म्हणून खुर्चीत टेकले.

तेवढंच आठवतं. मग बर्फच बर्फ. पांढरं, गार, आणि लांबवर कुणीतरी हळूहळू चालतंय.

जाग आली तेव्हा मी मान हलवली नाही, डोळे तेवढे किलकिले केले. तोंडावर ऊन नव्हतं. लावण्याची ओढणी खिडकीच्या गजांना बांधलेली. अख्खा वर्ग जागा होता. साठच्या साठ! कुणी खोकत नव्हतं, पान उलटायचं तरी दोन बोटांनी, जपून.

फळ्यापाशी सोमनाथ होता.

तो शिकवत होता. तोंडातून एक शब्द न काढता. एक ओळ लिहायची, वळायचं, बोटानं आधीची ओळ दाखवायची, मग नवी ओळ. दोन्ही तळहात एकमेकांपासून लांब धरून त्यानं सळई दाखवली, खांदे आकसून थंडी दाखवली. मागं कुणाला तरी कळलं नाही, तर तो डोळे मिटून, मान डोलवून, हसून परत पहिल्यापासून. एका ठिकाणी इरफाननं हात वर केला आणि हवेत बोटानं वर्गाचा राहिलेला छोटा दोन काढून दाखवला. सोमनाथनं फळा बघितला, स्वतःच्या कपाळावर मारायला हात उचलला, तो तसाच वर थांबवला. आवाज झाला असता ना. डस्टर न घेता तळहातानं हलकेच ती ओळ पुसली आणि नीट लिहिली.

शेवटचं उत्तर लिहून त्यानं खाली दोन रेघा मारल्या. चिन्ह बरोबर होतं. साठ माना एकदम डोलल्या.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. तास साडेतीनला संपतो. सोमनाथनं फळ्याच्या उरलेल्या कोपऱ्यात दुसरं उदाहरण लिहायला घेतलं.

मी परत डोळे मिटून घेतले.