खालून सरकत येणारी ओळ

योगिता आमच्या शेजारची. पांडेसऱ्याच्या चाळीत तिच्या आणि माझ्या खोलीत एकच भिंत, त्यामुळे तिच्या घरात फोडणी पडली की ठसका मला लागायचा. लग्न होऊन ती नवापूरला गेली आणि वर्षाच्या आत परत आली. नवऱ्याचं आधीपासूनच दुसरीकडे होतं. समाजाच्या पंचांनी बसून फारकत करून दिली, पोरीचा काही दोष नाही असं चारचौघांत सांगितलं, चहा प्यायले आणि निघून गेले. दोष नाही म्हणे. मग त्यानंतर तिच्या दारात एक तरी पाहुणा का फिरकला नाही, ते मला कोणीतरी सांगावं.

पोरगी रडली असती तरी बरं होतं, पण ती रडायचीही नाही. कम्प्युटर क्लासात आधी शिकली, मग तिथेच शिकवायला लागली. सकाळी डबा घेऊन जायची, संध्याकाळी यायची, ताटात पडेल ते खायची. भाजीत मीठ राहिलं तरी तिला कळायचं नाही. तिची आई माझ्याकडे येऊन बसायची आणि म्हणायची, सरला, हिच्या आत काही चालूच नाही वं.

दरवर्षी समाजाचा वधू-वर मेळावा भरायचा आणि आई नेमाने तिचं नाव द्यायची. मुलगी स्टेजवर यायची, माइकवर माहिती सांगितली जायची. ज्या घराला ती मनात भरली, त्यांनी बसल्या जागी हात वर करायचा, की स्वयंसेवक त्या मुलीच्या नंबराची चिठ्ठी नेऊन देणार. फारकतवाल्यांची पाळी सगळ्यात शेवटी. त्यातही निवेदक आधी ‘फारकत’ म्हणायचा आणि मग नाव. तो एक शब्द कानावर पडला की लोक पिशव्या उचलून पंगतीकडे निघायचे. उरलेली माहिती रिकाम्या खुर्च्या ऐकायच्या.

अठ्ठ्याण्णव साली आमच्या अध्यक्षांना, बन्सीलालभाऊंना, हौस आली. कुठल्याशा शेठच्या कार्यक्रमात त्यांनी पडद्यावर अक्षरं उडताना पाहिली होती. आपला समाज काय मागे आहे का, म्हणून यंदा माइकवर न सांगता मुलामुलींचे फोटो आणि माहिती पडद्यावर दाखवायचं ठरलं, आणि काम आलं योगिताकडे. ती रोज क्लास सुटल्यावर तिथेच बसायची. एकदा मी डबा द्यायला गेले तर भाऊ तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसलेले. फोटो गरगर फिरत यायचा, नाव डावीकडून उडत यायचं. भाऊ म्हणजे जत्रेतलं पोर झालेलं. हिच्या नावाला टाळ्या लाव, तो इंजिनियर आहे, त्याला गाडीच्या ब्रेकचा आवाज लाव. योगिता सांगतील ते लावत होती. चेहऱ्यावरची माशी हलत नव्हती.

फारकतवाली म्हणून त्या वर्षी नाव आलं होतं ते तिचं एकटीचंच. भाऊ म्हणाले, तुझ्या स्लाइडला इफेक्ट नको, बरं दिसत नाही, आणि फारकत लिहायची म्हणजे लिहायची, समाजाला फसवायचं नाही. योगिता म्हणाली, लिहिते, फक्त ओळी इतर मुलींसारख्या एकेक करून येऊ द्या. माउसचं बटण दाबलं की एक ओळ येते, पुन्हा दाबेपर्यंत दुसरी येत नाही. भाऊंना त्यात वावगं काही दिसलं नाही, हो म्हणाले. तिने फारकतीची ओळ उचलून सगळ्यांच्या खाली नेऊन ठेवली. माझ्या लक्षात आलं आणि मला इतकं बरं वाटलं काय सांगू. म्हटलं, आधी पोरीला बघा तरी, मेल्यांनो.

मेळाव्याच्या दिवशी मी तिच्या बाजूलाच बसले होते, येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय वायरीत अडकू नये म्हणून. लोक नुसते खूश. टाळ्या वाजल्या की पोरं ओरडायची, ब्रेक लागला की म्हातारे दचकायचे. जेवणाची वेळ झाली तरी कोणी उठलं नाही. मग शेवटी योगिताचा फोटो आला. नाव आलं. गाव आलं. शिक्षण आलं. कम्प्युटर शिकवते, हे आलं. दुसऱ्या रांगेत शहाद्याच्या सुभद्राबाई होत्या, मुलगा सचिन गावात नोकरीला, तोही शेजारी बसलेला. त्याने आईच्या कानात काही सांगितलं. सुभद्राबाईंनी पडद्याकडे एकदा नीट पाहिलं आणि हात वर केला.

मी योगिताचं मनगट धरलं.

“राहू दे ती ओळ,” मी म्हटलं. “पुढचं नंतर बोलू घरी. कोण विचारतंय आत्ता?”

ती सुभद्राबाईंच्या हाताकडे बघत होती. मग तिने माझी बोटं सोडवली आणि बटण दाबलं. त्या ओळीला तिने सगळ्यात सावकाश इफेक्ट दिला होता. ओळ पडद्याच्या खालून सरकत सरकत वर आली, आणि पूर्ण वाचून होईपर्यंत सुभद्राबाईंचा हात मांडीवर आलेला होता. मुलगा बुटांकडे बघत होता. भाऊंनी माइकवर जेवणाची घोषणा केली.

पंगतीला जाताना सुभद्राबाई आमच्यापाशी थांबल्या. बाई वाईट नव्हती, पण तिला ते लागलं होतं. म्हणाली, पोरी, आधीच लिहायचं ना, चारचौघांत मला हात खाली घ्यावा लागला.

“आधी लिहिलं असतं तर तुम्ही केलाच नसता, काकू,” योगिता म्हणाली. “माझ्यासाठी कोणी हात केलेला मी कधी पाहिला नव्हता.”

सुभद्राबाई पंगतीकडे गेल्या. मला मात्र राग आवरेना. त्या बाईचा, भाऊंचा, आणि खरं सांगते, योगिताचाही. हातातोंडाशी आलेला घास हिने आपल्या हाताने पाडला. ती वायर गुंडाळत होती. मी विचारलं, मग पाहिलास ना हात, काय वाटलं?

तिने वायरीची गुंडाळी खाली ठेवली.

“काहीच नाही वाटलं, मावशी,” ती म्हणाली. “काहीतरी वाटेल म्हणून तर एवढं केलं.”