तीन महिने न बसलेला गाळ

कार्बन नॅनोट्यूब म्हणजे दिसायला निव्वळ काजळी. पाण्यात टाकली की गोळे होऊन तळाशी जाते. ती पसरून राहावी म्हणून पाण्यात पॉलिमर घालायचं, त्याच्या साखळ्या त्या बारीक नळ्यांना गुंडाळल्या जातात, आणि सोनिकेटर नावाच्या यंत्रात ध्वनिलहरींनी सगळं घुसळायचं. जमलं तर शाईसारखं काळंभोर पाणी. नाही जमलं तर वर निवळ, खाली गाळ.

माझ्या पेपरात लिहिलंय की माझी शाई तीन महिने जशीच्या तशी राहिली. ते खोटं आहे. ती आठवड्यातच बसली होती. फोटो काढायच्या दिवशी मी बाटली दहा मिनिटं पुन्हा सोनिकेटरमध्ये ठेवली, पुसली आणि पांढऱ्या कागदापुढे उभी केली. मनाशी म्हटलं, एवढं सगळेच करतात. करतात का, ते कधी कुणाला विचारलं नाही.

पुढे अकोल्याकडची एक मुलगी माझ्याकडे पीएच.डी.ला आली. विश्रांतवाडीत खोली घेऊन राहायची. तिचं सगळं काम त्या शाईवर उभं राहायचं होतं, आणि तिची शाई दर वेळी आठवड्यात बसायची. शेजारच्या प्रयोगशाळेतले सहकारी दारातून डोकावायचे, "काय मॅडम, झाली का शाई? आम्ही दौत घेऊन बसलोय."

ती हसायची. मग मला विचारायची, "सर, माझं काय चुकून राहिलं?"

"पाणी बदलून बघ," मी म्हणायचो. कधी, "घाई करतेस तू."

चौथ्या वर्षी तिने नोंदणी रद्द करायचा अर्ज आणला. मार्गदर्शकाच्या शेऱ्यात मी 'प्रयोगकौशल्य अपुरे' असं लिहिलं आणि सही केली. तिने तो शेरा माझ्यासमोरच वाचला.

गेल्या महिन्यात मी पेपर मागे घ्यायचं पत्र पाठवलं आणि तिला फोन केला. ती आता कात्रजजवळ अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. सगळं सांगितलं.

"म्हणजे माझे प्रयोग बरोबर होते?"

"हो."

"सगळे?"

"सगळे."

पुन्हा नोंदणी करता येईल, मी विद्यापीठाला लिहितो, असं काहीबाही मी बोलत सुटलो.

"राहू द्या, सर," ती म्हणाली. "इथं मी प्रॅक्टिकल घेतच नाही. थिअरीच मागून घेतली. पोरांसमोर बाटली धरली की मी आधी तळाशी गाळच शोधते."