गारेगारमामांची बॅग

उन्हाळा म्हणजे काय असतो, हे गारेगारमामांना ऐकून माहीत होतं. सकाळी ऊन चढायच्या आत ते कोल्ड स्टोरेजमध्ये शिरायचे आणि ऊन कलल्यावर बाहेर पडायचे. आत उणे वीस अंश. मासळीची खोकी, मटारची पोती, आइस्क्रीमचे डबे, आणि त्यांच्यामधून जाडजूड कोट, कानटोपी आणि एकावर एक दोन हातमोजे घालून फिरणारे मामा. गारेगार हे नाव कामावरच्याच कुणीतरी ठेवलं आणि बघता बघता ते मामींच्या तोंडीही बसलं. मात्र मामी ते फक्त चिडल्यावर वापरायच्या. म्हणजे रोजच.

या कामाचा एक नियम आहे. अंगालगत सुती कपडा घालायचा नाही. आत खोकी उचलताना माणसाला घाम येतो, सुती कापड तो पिऊन बसतं, आणि असलं ओलं कापड त्या थंडीत अंगाला चिकटून राहिलं की माणूस काकडून जातो. म्हणून आतून पातळ नायलॉन, त्यावर लोकर, त्यावर कोट. नवा माणूस कामावर आला की मामा त्याचं नाव विचारायच्या आधी त्याची कॉलर मागे ओढून बनियन बघायचे. सुती निघाला की स्वारी परत घरी. इतक्या वर्षांत सुताची अशी धास्ती बसली होती की घरात साधी सुती चादर दिसली तरी मामा तिच्याकडे संशयाने बघत.

आता अशा माणसाला परदेशातून लेकीचा निरोप आला. ‘सुट्टीत समुद्रकाठी घर घेतलंय दहा दिवसांसाठी. दोघंही या. इथे भयंकर ऊन आहे, सुती कपडे आणा. सासूसासरेही असतील.’

मामींनी निरोप वाचला आणि लगेच माळ्यावरची बॅग काढून पुसली. मामांनी तो तीनदा वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

“सुती कशाला?” ते म्हणाले. “घाम आला म्हणजे?”

“घामासाठीच तर असतात सुती कपडे.”

“ओले होतील की.”

“मग वाळतील! बाहेर ऊन असतं हो, ऊन. आभाळात असतं. कधी वर बघितलं असतं तर दिसलं असतं.”

लेक लग्न करून गेल्याला दोन वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून तिची प्रत्यक्ष भेट नव्हती. मामी अगदी हरखून गेल्या होत्या. मामांनाही जायचं होतं, त्याबद्दल कुणी शंका घेऊ नये. पण कपाट उघडलं की त्यांचं डोकं चालेनासं व्हायचं. आणि त्याचं खरं कारण सुतात नव्हतं. ते त्यांनी कुणाला सांगितलेलं नव्हतं, मामींनाही नाही.

लेक कॉलेजात होती तेव्हाची गोष्ट. एका सकाळी ती प्रयोगवही घरी विसरली. मामींनी कामावर फोन केला, मामा धावतपळत घरी आले, वही उचलली आणि तसेच कॉलेजच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले. घाईत कोट काढायचा राहून गेला होता. भर उन्हात जाड कोट, डोक्यावर कानटोपी, आणि मासळीचा वास तर असा की शेजारून जाणाऱ्या पोरींनी नाकाला रुमाल लावले. लेक मैत्रिणींच्या घोळक्यातून आली, वही घेतली. “कोण गं?” कुणीतरी विचारलं. “आमच्या शेजारचे आहेत,” ती म्हणाली, आणि आत निघून गेली. मामांनी ते ऐकलं. रागावण्यासारखं त्यात त्यांना काही सापडेना. पोरगी लहान होती, आणि वास तर येतच होता. फक्त तेव्हापासून तिच्या मित्रमंडळींसमोर जायची वेळ आली की त्यांना हटकून काहीतरी काम निघायचं. लग्नातसुद्धा अर्धा वेळ ते आचाऱ्यांपाशीच उभे होते.

आता जावई, व्याही, विहीणबाई, सगळे एकाच घरात दहा दिवस. तिथे पळून जायला आचारी कुठून आणणार? तिथे कुणी “हे कोण?” असं विचारलं, तर लेकीने काय सांगावं हे आपल्या अंगावरच्या कपड्यांवर ठरणार, अशी मामांनी मनाची खात्री करून घेतली होती. आणि ते कपडे कोणते, हे मात्र काही केल्या कळेना.

त्यांनी कामावर विचारलं. इथेच चुकलं. कपड्यांच्या बाबतीत दहा जणांना विचारणारा माणूस शेवटी काहीच न घालता घराबाहेर पडायचा. फोर्कलिफ्टवाला म्हणाला, “मामा, समुद्र म्हणजे हाफ पँट आणि फुलाफुलांचा शर्ट. बाकीचं माणूस बघतच नाही.” हिशेबनिसांनी चष्म्यावरून बघत सांगितलं, “व्याही आहेत ना? मग सूट हवा. सुटाशिवाय माणसाला किंमत नाही.” कंपनीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “तुमच्या कातडीला उन्हाची सवय नाही. पूर्ण बाह्या, पूर्ण पँट, डोक्यावर टोपी.” मामांनी सगळ्यांना मान डोलावली आणि सगळंच विकत आणलं. घरी पलंगावर ते मांडून ठेवलं, तेव्हा तीन वेगवेगळी माणसं सुट्टीला निघाली आहेत असं वाटत होतं.

“यातले तुम्ही कोण?” मामींनी विचारलं.

मामांना तेच तर कळत नव्हतं.

शेवटी त्यांनी आपल्या पद्धतीने कपड्यांची पारख करायचं ठरवलं. कोल्ड स्टोरेजला लागून कॉम्प्रेसरची खोली आहे. इकडे जितकं गार, तितकं तिकडे गरम. दुपारच्या सुट्टीत मामा पिशवी घेऊन तिथे जाऊ लागले. एक दिवस सूट घालून उभे राहिले. लगेच डोळ्यांपुढे अंधारी आली, सूट बाद. दुसऱ्या दिवशी फुलांचा शर्ट. कॉम्प्रेसर चालवणारा मिस्त्री हातातला पाना खाली ठेवून बघत बसला.

“मामा, बरं चाललंय ना घरी?”

“उन्हाची सवय करतोय.”

“आणि हे पोपट?”

“फुलं आहेत ती.”

“बरं,” मिस्त्री म्हणाला, आणि त्याने पुन्हा पाना उचलला.

तिसऱ्या दिवशी, मनाचा हिय्या करून, मामांनी मामींनी आणलेला पांढरा सुती सदरा घातला. पाच मिनिटांत तो पाठीला चिकटला. पण गंमत अशी की वाईट वाटेना. पंख्याचा वारा लागला की उलट बरं वाटायचं. मामा गोंधळून गेले. इतकी वर्षं ज्या कापडाला शत्रू मानलं, ते आता गुणाचं निघायला लागलं होतं! ते त्याच विचारात उभे असताना बाहेरून हाक आली, मासळीची गाडी लागली होती. मामा धावले, सदऱ्यावरच कोट चढवला आणि थेट आत शिरले.

थोड्या वेळाने फोर्कलिफ्टवाल्याने त्यांना धरून बाहेर आणलं. दातावर दात आपटत होते, ओठ निळे पडले होते. कोट काढला तर आत ओलाचिंब सुती सदरा. ज्यांची ज्यांची कॉलर मामांनी आजवर मागे ओढली होती, ते सगळे भोवती जमले. कुणी हसलं नाही, हे मामांना जास्तच लागलं.

घरी दोन रजया, गरम पाण्याची पिशवी, आणि मामींची सरबत्ती. सगळं एकदमच.

“मी येत नाही,” रजईतून आवाज आला.

“काय?”

“तू जा. मला तिकडचं काही जमायचं नाही.”

“दोन वर्षांनी पोरगी बोलावतेय, आणि तुम्ही कपड्यांवरून अडून बसलाय? असं आहे तरी काय त्या कपड्यांत?”

मामांनी सांगायला तोंड उघडलं. मग वाटलं, सांगितलं तर ही लेकीला फोन करेल, लेकीला वाईट वाटेल, आणि दहा दिवस ती बिचारी मुद्दाम नीट वागत बसेल. ते तर आणखी वाईट. त्यांनी कूस बदलली. मामींनी सूट, हाफ पँट आणि टोपी घड्या घालून कपाटात ठेवून दिली. बॅग रिकामीच राहिली.

रविवारी सकाळी फोन आला. मामी अंघोळीला गेल्या होत्या, म्हणून मामांना घ्यावाच लागला. पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा, वर बनियन, दाढी वाढलेली. पडद्यावर लेक दिसली. ती घरी नव्हती. मागे ओळीने कपडे टांगलेले होते, माणसं ये-जा करत होती.

“बाबा, बरं झालं तुम्हीच घेतलात. आई म्हणाली तुमचं अजून काही ठरत नाहीये. म्हणून मीच आले दुकानात.”

“अगं, कशाला...”

“ऐका ना. हा दुकानदार विचारतोय, कुणासाठी हवंय, केवढे आहेत ते? आणि मला सांगताच येईना.” तिने फोन दुसऱ्या हातात घेतला. “म्हणजे उंची किती, खांदे केवढे, काहीच. मी हातानेच दाखवत बसले, एवढे, एवढे... तुम्ही जरा मागे सरकून उभे राहता का? पूर्ण दिसायला हवेत.”

“अगं, मी बनियनवर आहे. दाढीसुद्धा...”

“असू दे. मागे सरका.”

मामांनी फोन कपाटाला टेकवून ठेवला आणि ते मागे सरकले. पाय दिसेनात, म्हणून आणखी सरकले, थेट भिंतीपर्यंत. बनियन खाली ओढला. पोट आत घेतलं. हात कुठे ठेवावेत ते कळेना, म्हणून शाळेतल्यासारखे बाजूला सोडले.

पडद्यावरचं दुकान गरकन फिरलं. गळ्यात टेप अडकवलेला एक अनोळखी माणूस दिसला. त्याच्यामागे आणखी दोन गिऱ्हाइकं वाकून बघू लागली. लेक त्यांच्याशी तिकडच्या भाषेत भराभरा बोलली. मामांना त्यातलं एक अक्षर कळलं नाही. फक्त मध्येच, खणखणीत आवाजात, “माय फादर” एवढं ऐकू आलं. टेपवाल्याला पहिल्यांदा ऐकू गेलं नसावं, कारण तिने ते पुन्हा एकदा म्हटलं, आधीपेक्षा मोठ्याने.

“बाबा, तो म्हणतोय पाठ करून उभे राहा. खांदे बघायचेत.”

मामा वळले. भिंतीकडे तोंड करून ताठ उभे राहिले. तिकडे माणसं काहीतरी बोलत होती, हसत होती, हँगरचा खडखडाट होत होता.

“झालं, बाबा. वळा आता.”

“थांब,” मामा भिंतीकडे बघतच म्हणाले. “नीट बघू दे त्याला.”