जमादाराची बैठक

मुक्तिसंग्रामाला पन्नास वर्षं झाली तेव्हा डोंगरकड्याच्या आमच्या नाटक मंडळाला खुमखुमी आली, की गावच्या अरब जमादारावर नाटक करायचं. लिहायला, बसवायला आणि शिव्या खायला अर्थातच मी.

जमादार म्हणजे निजामाच्या फौजेत पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केलेल्या अरबांचा म्होरक्या. आसपासच्या अरब घरांचे तंटे त्याच्या बैठकीत मिटायचे. पुढे धर्माच्या नावानं रझाकारांची टोळी उभी राहिली, तिचंही पुढारपण त्यानंच घेतलं. पोलीस ॲक्शनमध्ये पकडला गेला, तुरुंगातच वारला. एवढं नक्की. बाकी ज्याला विचारावं त्याचा जमादार वेगळा. एका म्हाताऱ्याच्या मते तो दारात मावत नव्हता, तर दुसऱ्याच्या मते घोड्यावर चढायला त्याला पाट लागायचा. तिसऱ्यानं त्याला थेट उंटावर बसवलं. डोंगरकड्यात उंट! सकाळी लिहिलेलं पान मी संध्याकाळी फाडत होतो.

त्यात आमचा नायक. मेंढरं राखणारा माणूस, आवाज या डोंगरावरून त्या डोंगरावर जाणारा. अरब कमरेला पुढच्या बाजूला वाकडा जंबिया खोचतात, हे त्याला सांगून माझा घसा बसला. हा पठ्ठ्या दर तालमीला डाव्या अंगाला लांबलचक तलवार लटकवून हजर. "गुरुजी, तेवढुशा सुरीला लोक काहून भेतील?" म्हणायचा.

वर सरपंचांनी पाचर मारली. जमादाराची मुलगी हयात होती, हिंगोलीत एका खोलीत शिवणकाम करून राहायची. तिची हरकत नसेल तरच पडदा उघडेल, म्हणाले. दिवस नाजूक होते, त्यांचं म्हणणं रास्त होतं, म्हणून तर जास्त चीड आली. मी निरोप धाडला. तालीम बघून सांगते, असं उत्तर आलं. बाप पकडला गेल्यापासून तिनं गावात पाऊल टाकलं नव्हतं.

म्हटलं, बैठक तरी झोकात मांडू. जुन्या थाटाचं काही असेल तर द्या, असं देवळाच्या भोंग्यावरून पुकारलं. एरवी आमचं गाव नाटकाला फाटकी सतरंजी देत नाही. या वेळी रीघ लागली. ज्यावर हळदीची पोती रचलेली असायची ते शिसवी तख्त आलं. न्हाव्यानं गिऱ्हाइकाची खुर्ची आणली. एका घरून सुया-दोरे काढून पानदान आलं, दुसरीकडून तुळस उपटून पानाची पिंक टाकायचं पितळी उगालदान. तांड्यावरच्या एका म्हाताऱ्यानं हुक्का आणला. मी खूश होऊन सगळ्यांची पाठ थोपटत होतो. अक्कल म्हणून जी असते ती त्या दिवशी माझ्याकडे नव्हती.

जमादाराची मुलगी, जिला सगळे खाला म्हणायचे, एसटीनं आली. शाळेच्या रंगमंचासमोर बराच वेळ उभी राहिली, मग कुणाला न विचारता पायऱ्या चढली. उगालदान उचलून तख्ताच्या डाव्या बाजूला ठेवलं. खुर्चीचं तोंड दाराकडे केलं. पानदान उघडताना झाकण अडलं, तर सवयीनं कडेला हलकी बुक्की मारली. ते उघडलं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, की जमादार पकडला गेल्यावर त्याच्या घरातून गेलेलं सामान ते हेच. ज्यांनी ज्यांनी सामान आणलं होतं ते सगळे शाळेचे पत्रे मोजत होते.

फक्त तांड्यावरचा म्हातारा बोलला. "तुमच्या बानं आमच्या कडब्याच्या गंजी पेटवल्या व्हत्या."

"पेटवल्या. बराबर हाय," खाला म्हणाली. "म्या दारातून धूर पाहिला. दाखवा ते. कायबी कापू नका." मग माझ्याकडे वळली. "नाटक करा, गुरुजी. पण पडदा पडल्यावर ज्यानं जे आणलं, त्यानं ते समद्यांसमोर येऊन न्यावं. एवढंच माझं मागणं."

नाटक झालं. गंजी जळाल्या, जमादार तलवारीसकट पकडला गेला, टाळ्या पडल्या. मी पडदा पुन्हा उघडून माइकवर पुकारलं, की आपापलं सामान घेऊन जावं. इतक्या झपाट्यानं रिकामं झालेलं पटांगण मी आजवर पाहिलं नाही. पहिल्या रांगेत खाला मांडीवर पिशवी ठेवून वाट बघत बसली होती. मी म्हणालो, खाला, तुम्हीच न्या मग.

"म्या काहून नेऊ? म्या आणलं व्हतं का?"

सकाळी शाळा भरायची होती. बैठक बैलगाडीत घालून माझ्या घरी आली, ती आलीच. तख्तानं माजघर अडवलं. बायकोनं पहिलं वर्षभर मला बोलून घेतलं, पुढची वर्षं नुसतं बघून. न्हाव्यानं गिऱ्हाइकांसाठी प्लास्टिकची खुर्ची घेतली. तांड्यावरचा म्हातारा अधूनमधून यायचा, चहा प्यायचा, हुक्का बरा हाय ना एवढं विचारायचा आणि हात न लावता जायचा. न्या की हो, असं म्हणून म्हणून मी थकलो.

खालाही कधीमधी यायची. चपला काढता काढता विचारायची, "आलं का कुणी?" मी मान हलवायचो. मग ती दाराकडे तोंड केलेल्या खुर्चीत बसायची आणि माझ्या बायकोला सांगायची, की बेटी, ते उगालदान पुन्हा उजवीकडं गेलंय.