आवतन आणि इंजेक्शन

बाबांना त्या वर्षी आधी नागीण झाली, मग न्यूमोनिया, आणि पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हा न्यूमोनिया. सत्तरी उलटली होती. पांढुर्ण्याजवळच्या आमच्या संत्र्याच्या बागेत जाणंही त्यांनी सोडलं होतं. सौंसरच्या डॉक्टरांनी मोठ्या भावाला आणि मला व्हरांड्यात बोलावलं.

छातीच्या हाडामागे एक ग्रंथी असते, ते म्हणाले. रोगाशी लढणाऱ्या काही पेशी तिथे तयार होतात. लहानपणी ती मोठी असते, वयाबरोबर आक्रसत जाते. मग साधा संसर्गही शरीराला परतवता येत नाही. वासरांत ती गळ्यापर्यंत पसरलेली असते. परदेशात तिचाच अर्क काढतात आणि काही डॉक्टर तो देऊन पाहत आहेत.

"गुण येईलच असं मी म्हणणार नाही. पण आणखी एक न्यूमोनिया त्यांना झेपणार नाही."

"वासरांच्या म्हणजे, मारून?" भावानं विचारलं.

डॉक्टरांनी होकारार्थी मान हलवली.

नागपूरच्या एका नातेवाइकानं औषधाच्या कुप्या मिळवल्या. थर्मासात बर्फ भरून मी त्या आणल्या आणि ओळखीच्या औषध दुकानातल्या फ्रिजमध्ये ठेवल्या. भावानं आईला आणि मला बजावलं, "बाबाले काही सांगू नका. विलायती दवाई आहे, इतकंच."

आठवड्याला एकदा कंपाउंडर येऊन सुई देऊन जाई. दोन सुयांनंतर बाबा अंगणात बसू लागले. सुईमुळे की आपोआप, ते कळायला मार्ग नव्हता. भावानं सुईमुळेच असं धरलं.

तिसरी सुई पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी होती. आमच्याकडे त्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना हळद-तूप लावतात आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण देतात. बाबा खाटेवरून उठले, बैलाच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मग शेजारी बांधलेल्या गोऱ्ह्याच्या गळ्याखाली खाजवू लागले.

तेवढ्यात कंपाउंडर फाटकातून आत आला. "खाजवा, काकाजी, खाजवा," तो हसत म्हणाला. "तुमची ताकद तिथूनच तर येऊन राहिली."

बाबांचा हात थांबला. "काय म्हणते हा?"

"मजाक करून राहिला," भाऊ म्हणाला.

"कशाची दवाई आहे?"

स्वयंपाकघराच्या दारातून आई म्हणाली, "वासराच्या गळ्याखालून काढतात. मारून."

"तुले माहीत होतं?"

"होतं."

कंपाउंडरनं उघडलेली पेटी पुन्हा बंद केली.

"बैलाले उद्या जेवू घालायचं तर आज सांगतो आपण," बाबा म्हणाले. "मले इचारावं असं नाही वाटलं कोणाले?"

"इचारलं असतं तर तुम्ही नाही म्हटलं असतं," भाऊ म्हणाला.

"मंग नाही म्हटलं असतं."

सुई परत गेली. दुसऱ्या दिवशी बैल जेवले. त्याच्या पुढच्या दिवशी गोटमारीमुळे, नदीवरच्या दगडफेकीच्या जत्रेमुळे, गाव बंद होतं. त्या दोन्ही दिवसांत बाबा भावाशी बोलले नाहीत.

थंडीत ताप आला. श्वास लागला. डॉक्टरांनी पेनिसिलिन सुरू केलं. दुकानात राहिलेल्या कुपीचा आता फारसा उपयोग नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. तरी भाऊ ती घेऊन आला. बाबांचे डोळे मिटलेले होते. कंपाउंडरनं सुई उकळून ठेवली होती. नको म्हणायला कोणी नव्हतं.

आईनं बाबांच्या दंडावर हात ठेवला. "आधी इचार," ती भावाला म्हणाली.

"ते शुद्धीत नाहीत, माय."

"तरी इचार."

भाऊ त्यांच्या कानाशी वाकला. "बाबा, ती सुई देऊ का?"

भाऊ तसाच वाकून राहिला. मग बाबांनी डोळे उघडले, भावाकडे पाहिलं आणि मान आडवी हलवली. भावानं कुपी थर्मासात परत ठेवली.

बाबा त्या तापातून उठले नाहीत. आधीच्या सुया पूर्ण झाल्या असत्या तर उठले असते का, हे भावानं नंतर डॉक्टरांना विचारलं. सांगता येत नाही, असंच ते म्हणाले.

भेटायला येणारे आईला विचारत, दवाई होती तर दिली का नाही. ती म्हणे, "पोरानं इचारलं होतं त्यांना."